कात्रजच्या चढावर दम टाकणारी आरएक्स १००: आधी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की आपली यामाहा आरएक्स १०० ही १९९४ची असून धनकवडीच्या परिसरात सपाट रस्त्यावर ती उत्तम पळते, परंतु कात्रज घाटात जुन्या बोगद्याकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये सलग चढ लागला की आधी किटकिट असा आवाज येतो, मग जोर कमी होतो आणि गाडी बंद पडते. पाच-दहा मिनिटे उभी केली की ती पुन्हा सुरू होते. शिवाय सिग्नलला उभी असताना तिची रेस कधी कधी आपोआप वाढते. एका मेकॅनिकने बोअर-पिस्टन (सिलिंडर आतून कातून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे) करायला सांगितले, दुसऱ्याने पोर्टिंग (सिलिंडरमधील पोर्ट, म्हणजे मिश्रण व धूर ये-जा करण्याच्या वाटा, कोरून मोठ्या करणे), मोठा कार्बोरेटर आणि शर्यतीच्या धर्तीचा एक्स्पान्शन सायलेन्सर सुचवला, तर तिसऱ्याने केवळ मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा मुख्य भाग) टाका असे सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि ही गाडी रोज हिंजवडीला नेता येईल का, असा आपला प्रश्न आहे.

माझे काम पुण्यात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची इंजिने बांधण्याचे आहे, आणि आपण वर्णन केलेली गाडी थोड्याफार फरकाने माझ्याकडे नेहमी येते. माझ्या मते आपल्या गाडीला ताकद वाढवण्याची गरज नाही. तिच्याकडे मुळात जी ताकद होती ती कुठे गळते आहे, हे शोधण्याची गरज आहे. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे आहे आणि ते ७,५०० आरपीएमला सुमारे ११ अश्वशक्ती देते. गाडीचे वजन १०० किलोच्या आसपास आहे. एवढ्या भांडवलावर कात्रजचा चढ तिने हसत चढायला हवा. ती चढत नसेल तर मोठा कार्बोरेटर किंवा निराळा सायलेन्सर हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पिस्टनसकट बाहेर येतो.

अर्थात गाडी न पाहता दिलेल्या उत्तराला मर्यादा असतात. सिलिंडरचे बोअरिंग यापूर्वी किती वेळा झाले आहे, ऑइल पंप जागेवर आहे की कोणी काढून टाकला आहे, क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा) कधी उघडला आहे का, आणि सिलिंडर खरोखर आरएक्स १००चाच आहे की त्यावर आरएक्स १३५चा बसवला आहे, या चार गोष्टींवर पुढचा बराचसा निर्णय अवलंबून राहील. पुण्यात १३५चा सिलिंडर बसवलेल्या अनेक ‘आरएक्स १००’ फिरतात. मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि १३५चा ५८ मिलिमीटर असतो, त्यामुळे हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडल्यावर साध्या व्हर्नियर मोजपट्टीनेही हा संशय मिटतो.

इंजिन उघडण्यापूर्वी मात्र घाटातच दोन तपासण्या कराव्यात, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. गाडी बंद पडली की लगेच पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा फुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे, इतकाच आजार आहे. तसे न झाल्यास प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर ठिणगी मिळत नाही, म्हणजे गरम झालेली कॉइल किंवा कंडेन्सर यांच्याकडे बोट जाते. प्लग कोरडा असून त्यातील चिनी मातीचा भाग पांढराफटक, जवळजवळ चकाकणारा दिसला, तर इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात आहे. किक मारताना पहिल्या क्षणी ती घट्ट लागली तर पिस्टन सिलिंडरला किंचित पकडू लागला आहे, असे समजावे. अशी पकड थंड झाल्यावर सुटते, पण प्रत्येक वेळी पिस्टनचे थोडे अॅल्युमिनियम सिलिंडरला चिकटून राहते.

आपल्या वर्णनातील सर्वांत बोलका भाग मला घाटाचा वाटत नाही, तर सिग्नलला आपोआप वाढणाऱ्या रेसचा वाटतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा केवळ क्रँक ठेवण्याचा डबा नसतो. पिस्टन वर जाताना तेथे पोकळी निर्माण होऊन पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरच्या बाजूच्या वाटांतून, म्हणजे ट्रान्स्फर पोर्टमधून, वर जाते. सायकलच्या पंपाचा वॉशर वाळला की दांडा कितीही जोरात हाणला तरी हवा भरत नाही, तशी स्थिती क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील कडक झाले की इंजिनाची होते. तीस वर्षांचे रबर कडक होणारच. गाडी कमी चालली आहे म्हणून सील चांगले राहिले असतील, हा समज चुकीचा आहे. उलट उभ्या राहिलेल्या गाडीचे सील लवकर वाळतात.

या दोन सीलांची लक्षणे वेगवेगळी असतात. डाव्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर तेथून कोरडी हवा आत येते. त्या हवेबरोबर पेट्रोलही येत नाही आणि वंगणाचे तेलही येत नाही. रेस आपोआप चढते, अॅक्सिलरेटर सोडल्यावरही ती सावकाश उतरते, आणि सलग चढावर इंजिन तापते. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरचे तेल ओढून घेते, सायलेन्सरमधून न थांबणारा दाट धूर येतो, प्लग वारंवार काळा होतो आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी कुठेही गळती न दिसता कमी होते. आपण धुराची तक्रार केलेली नाही, म्हणून माझा पहिला संशय डाव्या सीलवर आहे. येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. घाटात हवा विरळ होते म्हणून गाडी दमते, असे अनेकदा सांगितले जाते; परंतु हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, कमी होत नाही. पुणेच समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि कात्रजपर्यंत वाढणाऱ्या उंचीने इंजिन पांढरे प्लग दाखवणार नाही. घाटात फरक पडतो तो सलग भाराचा आणि कमी वेगामुळे सिलिंडरच्या पंखांवर कमी लागणाऱ्या वाऱ्याचा.

संशयाची खात्री करण्यासाठी क्रँककेसला दाब देऊन तपासणी करावी लागते, आणि दुर्दैवाने फार थोड्या गॅरेजांत ती केली जाते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत, पिस्टन खाली आणावा आणि प्लगच्या छिद्रातून हळूहळू हवा भरावी. सुमारे ६ पीएसआय एवढाच दाब पुरेसा असतो. टायरच्या कॉम्प्रेसरची नळी लावली तर चांगले सीलही जागेवरून उखडतात. मी यासाठी रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा हातपंप आणि त्याचेच घड्याळ वापरतो, कारण त्यावरील ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब होतो. काटा पाच-सहा मिनिटे जवळपास जागेवर राहिला पाहिजे. तो पडत असेल तर मॅग्नेटची प्लेट काढून सीलभोवती, सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगभोवती, हेडच्या जोडावर आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. या रबरी जोडाला पडलेल्या बारीक चिरा आणि रीड व्हॉल्व्हच्या, म्हणजे मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या झडपेच्या, पाकळ्यांचे तुटलेले कोपरे हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत, आणि त्यांचा खर्च सीलच्या तुलनेत नगण्य असतो.

तपासणीत काटा स्थिर राहिला तर मी आनंदाने दुसऱ्या कारणांकडे वळेन. काटा पडत असताना मात्र जेट बदलणे, पिस्टन बदलणे आणि पोर्टिंग करणे हे तिन्ही उपाय वाया जातात. नवा पिस्टन त्याच हवेत तापतो आणि पुन्हा पकडतो. आपल्याला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकाचेही म्हणणे मी सर्वस्वी खोटे ठरवत नाही. पिस्टनवर ओरखडे असतीलही आणि जेट मोठा लागेलही, पण ते हवेची गळती बंद झाल्यानंतर.

त्यानंतर तेलाचा प्रश्न येतो. आरएक्स १०० मध्ये तेलाची टाकी वेगळी असून पंप अॅक्सिलरेटरच्या आणि इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात तेल देतो. पंपाची केबल सैल असेल तर सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही, परंतु चढावर तेल कमी पडते. पंपावरील खुणा गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणे जुळवून घ्याव्यात आणि नळीत हवेचा बुडबुडा असल्यास पंपाचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून तो घालवावा. अनेकांनी पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायला सुरुवात केलेली असते. आपल्याकडे तसे असल्यास चांगल्या प्रतीचे टू-टी तेल लिटरमागे सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे १:४० या प्रमाणात, मोजूनच घालावे. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता’ असे मानून अंदाजाने ओतू नये, कारण जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढले म्हणजे पेट्रोल तेवढे घटते आणि ज्या आजारावर उपाय करायचा तोच बळावतो.

इग्निशनचे काम छोटे, पण टाळण्यासारखे नाही. पॉइंटची, म्हणजे उघडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची, फायबरची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे जळण सायलेन्सरकडे सरकते आणि एक्झॉस्टची बाजू तापते. फट ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान बसवून टायमिंग प्लगच्या छिद्रात डायल गेज लावून तपासावे. सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरून टायमिंग लावणारे जुने हात आजही आहेत आणि त्यांचे काम बहुधा अचूक असते, हे मी मान्य करतो. तरीही मला गेज अधिक विश्वासाचे वाटते. सायलेन्सरमधील बाफल मागचा स्क्रू काढून बाहेर येते. त्यावरील कार्बन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून काढता येतो, मात्र त्या पाण्याचा स्पर्श पिस्टन, हेड किंवा कार्बोरेटर यांना होऊ देऊ नये, कारण कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो.

आता तिसऱ्या मेकॅनिकच्या मोठ्या जेटविषयी. आपण पंपावर आज जे पेट्रोल भरता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ही गाडी ज्या काळात बनली त्या काळच्या पेट्रोलसाठी तिचा जेट ठरवलेला होता. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. मिश्र इंधनाचा हिशेब साधारण १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन हवे असते. नव्या गाड्यांत इंजेक्शनची यंत्रणा हे स्वतः सांभाळते, पण जुन्या कार्बोरेटरला यातले काही कळत नाही आणि तो पूर्वीच्याच मापाने इंधन देत राहतो. हवा शोषणारी गळती आणि त्यावर हे इंधन, असे दोन्ही एकत्र आले की कात्रजचा चढ नेमका जागा दाखवतो. म्हणून गळती बंद झाल्यावर मेन जेट एका मापाने वाढवावा, सलग चढावर चालवून पाहावा आणि गरज दिसली तरच पुढचे माप घ्यावे. अॅक्सिलरेटर पाव ते पाऊण उघडा असताना अंमल नीडलचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये वरखाली होऊन पेट्रोलची वाट कमीजास्त करणाऱ्या सुईचा असतो, मेन जेटचा नव्हे. आपण तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या अॅक्सिलरेटरवर चढत असाल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल वर आणण्याचा उपयोग जेटपेक्षा जास्त होईल.

जेटच्या खरेदीत सावध राहावे. नाना पेठेत आणि जुन्या बाजारात या गाड्यांचे जवळजवळ सगळे भाग मिळतात, परंतु जेटवर कोरलेला आकडा आणि त्यातील छिद्र यांचा संबंध असेलच असे नाही, आणि तारेने मोठे केलेले जुने जेट नवे म्हणून सर्रास विकले जातात. माझ्याकडे मूळ जेटांचा एक संच आहे आणि नवा जेट मी त्याच्याशी पडताळल्याशिवाय बसवत नाही. आपल्याला ते शक्य नसेल तर एकाच दुकानातून एकाच बनावटीचे सलग तीन आकडे घ्यावेत, म्हणजे निदान त्यांच्यातील चढउतार तरी खरा राहील. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल कॉकचे वॉशर आणि फ्लोटच्या सुईचे टोक फुगतात किंवा चिकट होतात, तेही याच वेळी बदलून घ्यावे.

बोअर-पिस्टनचा निर्णय सिलिंडर उचलून पिस्टन पाहिल्यावरच घ्यावा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर उष्णता आणि वंगणाचा अभाव यांकडे पाहावे. चारही कोपऱ्यांवर खुणा असतील तर पिस्टन सिलिंडरच्या मानाने लवकर फुगला, म्हणजे फट कमी होती किंवा थंड इंजिन ताबडतोब ताणले गेले. बोअरिंग करायचेच झाले तर आधी पिस्टन विकत घ्यावा, तो पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजावा आणि त्या मापावरून सिलिंडर करून घ्यावा. डबीवर ०.५० (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) लिहिले आहे म्हणून ०.५० चे बोअर करणे धोक्याचे असते. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा हलक्या हाताने उतरवल्या आहेत का, हे लेथवाल्याला आवर्जून विचारावे, कारण त्या धारदार राहिल्या की रिंग तेथे अडकून तुटते, आणि हे काम सांगितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी होत नाही. सिलिंडर वर असतानाच कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलला तर चालेल, सरळ रेषेत खेळता कामा नये. नव्या पिस्टननंतर निदान पहिले ५०० किलोमीटर कात्रज, दिवे घाट आणि सिंहगड यांना लांबच ठेवावे.

पोर्टिंग आणि एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे तोच एक्स्पान्शन सायलेन्सर, यांबद्दल माझे मत कडक आहे. एक्झॉस्टमधून बाहेर पडलेली दाबाची लाट सायलेन्सरच्या निमुळत्या भागावरून परत फिरते आणि पोर्ट बंद होण्याच्या क्षणी बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. ही वेळ इंजिनाच्या एका विशिष्ट वेगालाच साधते. शर्यतीसाठी बनवलेला चेंबर ती वरच्या आरपीएमला साधतो आणि खालचा जोर त्या बदल्यात घेतो. सातारा रस्त्याच्या सिग्नलांमध्ये आणि हिंजवडीच्या रांगांमध्ये आपण नेमके त्या खालच्या भागातच गाडी चालवणार आहात. एक्झॉस्ट पोर्ट वर घेतला की तो परत खाली आणता येत नाही, आणि मूळ सिलिंडर आता सहज मिळत नाहीत. बदललेला सायलेन्सर मोटार वाहन कायद्यातही बसत नाही आणि शहरात वाहतूक पोलीस तो जप्त करतात. ट्रॅकसाठी वेगळी गाडी बांधणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि तसे काम मी स्वतःही करतो. पण ज्या गाडीवर ऑफिसला जायचे तिच्यावर नाही.

हे तर्क जावा, येझदी किंवा राजदूतलाही लागू पडतात, फक्त तेथे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे असल्यामुळे उताराची काळजी वाढते. अॅक्सिलरेटर बंद ठेवून घाट उतरताना इंजिन वेगाने फिरते, पण पेट्रोल जात नसल्याने तेलही जात नाही. अशा गाड्यांवर उतारात अधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा उघडावा. आपल्या पंपाच्या गाडीत हा धोका कमी आहे.

हिंजवडीबाबत माझे उत्तर सशर्त होकाराचे आहे. हवेने थंड होणारे इंजिन वाकडच्या रांगेत अर्धा तास कसेबसे चालत राहिले की ते तापते आणि प्लगवर काजळीही धरते, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि गर्दीची वेळ टाळून ती न्यावी. घरातील एकमेव वाहन म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. त्याआधी आरसीची १५ वर्षांनंतरची नूतनीकरणे झालेली आहेत का, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहे का, आणि इंजिन व चासी क्रमांक आरसीशी जुळतात का, हे पाहून घ्यावे. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर वरील सर्व खर्च थांबवून आधी आरटीओचे काम करावे.

खर्चाचा मोठा फाटा एकाच ठिकाणी फुटतो. डावा सील, रबरी जोड, पॉइंट आणि जेट एवढ्यावर भागले तर काम एका दिवसाचे आहे. उजवा सील किंवा क्रँकचे बेअरिंग निघाले तर इंजिन दुभंगावे लागते, आणि मग दोन्ही सील, सर्व बेअरिंगे आणि पॅकिंग एकदमच बदलावे, कारण मजुरी दुसऱ्यांदा तेवढीच पडते. गाडी देताना मेकॅनिकला दाबाची तपासणी आपल्यासमोर करायला सांगावी. तो तयार नसेल तर गॅरेज बदलावे. तयार असेल तर घड्याळाचा काटा किती मिनिटांत किती पडला आणि बुडबुडे कुठे आले हे टिपून मला कळवावे, त्यावरून इंजिन उघडायचे की नाही हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.